लेक आखाजीला येतेय, घरातले पाइप बदलून टाकू का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: चोपडा तालुक्यातल्या एका ताईंनी लिहिलंय. घर वीसेक वर्षांचं आहे. नळाला तीन-चार दिवसांआड पाणी येतं. ते अंगणातल्या हौदात साठवतात आणि मोटरने गच्चीवरच्या काळ्या टाकीत चढवतात. तिथून भिंतीच्या बाहेरून उतरणाऱ्या करड्या पीव्हीसी पाइपातून ते स्वयंपाकघरात येतं. गेल्या उन्हाळ्यापासून सकाळच्या पहिल्या पाण्याला प्लास्टिकसारखा वास येतो. त्यातच प्लास्टिकच्या पाइपातून विष उतरतं, कर्करोग होतो, असा मजकूर मोबाइलवर फिरत आला. ताईंची मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी आखाजीला (अक्षय तृतीयेला) माहेरी येणार आहे, तेव्हा तिला आठवा महिना लागलेला असेल. दिरांचं हार्डवेअरचं दुकान आहे. ते म्हणतात, भिंती फोडून सगळीकडे सीपीव्हीसी (गरम पाणीही सोसणारा पीव्हीसीचाच प्रकार) टाका. पतीचं म्हणणं, आरओ बसवू, विषय संपला. सासूबाई म्हणतात, "लोखंडना पाइपनं पानी पीसन आमनी जिंदगी गयी, आमले काय व्हयनं?" ताईंनी बचत गटातून ४०,००० रुपये उचलायची तयारी केली आहे. त्यांचा प्रश्न एवढाच: लेकीच्या आणि बाळाच्या पोटात विष जाऊ नये म्हणून पाइप बदलू की नको?

ताई,

तुम्ही वासाबद्दल पुष्कळ लिहिलंत. पण एक वाक्य तुम्ही ओघात लिहून गेलात: "गल्लीत सगळेच नळाला मोटर लावतात, म्हणून आम्हीही लावतो." वासापेक्षा मला त्या वाक्याची काळजी जास्त वाटली. आधी त्याबद्दलच बोलते.

नळ कोरडा असतो त्या दिवसांत गल्लीतली लाइन रिकामी पडते आणि आतला दाब जातो. मग जिथे सांधा सैल आहे, पाइपाला बारीक चीर आहे, तिथून बाहेरची ओल आत झिरपते. आपल्याकडच्या जुन्या गल्ल्यांमध्ये घरात येणारा नळाचा पाइप पुष्कळदा उघडी गटार ओलांडून येतो, हे तुम्हीही पाहिलं असेल. पाणी सुटायच्या वेळी थेट लाइनला लावलेली मोटर चालू केली, की ती पाण्याबरोबर त्या चिरेतून गटारही ओढते. कावीळ, टायफॉइड, हगवण येते ती या वाटेने. पाण्यातून पसरणाऱ्या काविळीचा एक विषाणू, हिपॅटायटिस ई, गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत फार घातक ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार त्या महिन्यांत लागण झाली तर २० ते २५ टक्क्यांपर्यंत बाया दगावू शकतात. तुमची लेक नेमक्या त्याच महिन्यांत येतेय. तुम्हाला घाबरवायला हे लिहीत नाही. पैसा आणि धावपळ आधी कुठे लावायची, हे ठरवायचंय म्हणून लिहिते.

तेव्हा पहिलं काम हे करा. पाणी सुटायच्या दिवशी दारात उभं राहून रस्त्यातल्या फेरूलपासून (मोठ्या लाइनला आपला नळ जोडलेला असतो ती जागा) हौदापर्यंतचा आपला पाइप डोळ्यांनी बघा. तो गटारीतून जातो का? गटारीच्या आत एखादा सांधा, एल्बो, चिंधी गुंडाळलेली जागा आहे का? असेल तर तेवढा तुकडा आधी बदला. मधे एकही जोड नसलेला अखंड एचडीपीई (काळ्या, लवचीक प्लास्टिकचा) पाइप घ्या आणि तो मोठ्या पाइपाच्या आवरणातून, गटारीच्या वरून न्या. खर्च फार नाही आणि एका दिवसात काम होतं. मोटर थेट नळावर लावू नका. पाणी आपल्या दाबाने हौदात पडू द्या आणि हौदातून मोटरने वर चढवा. शेजारच्या मोटरा चालूच राहतील, त्यामुळे तुमच्या वाट्याला पाणी थोडं कमी येईल, हे मला कळतं. नगरपालिकेकडे गल्लीने मिळून अर्ज करणं हा खरा उपाय आहे. तोवर निदान पाणी सुटल्यावरचं पहिलं गढूळ पाणी हौदात घेऊ नका, अंगणाला जाऊ द्या.

आता प्लास्टिककडे येऊ. मोबाइलवरचा मजकूर सगळाच खोटा नाही, पण त्याने तीन वेगळ्या गोष्टींची खिचडी केलीय.

पीव्हीसी ज्या वायूपासून बनतं तो व्हिनाइल क्लोराइड कर्करोगकारक आहे, हे पक्कं ठरलेलं आहे. हे कळलं ते कारखान्यांत तो वायू श्वासातून घेणाऱ्या कामगारांच्या आजारांवरून. तयार पाइपात तो जवळजवळ सगळा बांधला गेलेला असतो. मोकळा उरलेला वायू पाण्यात उतरण्याची भीती मुख्यतः १९७७ च्या आधीच्या पाइपांची होती. तुमचे पाइप त्यानंतरचे आहेत. ही काळजी मनातून काढून टाका.

दुसरी गोष्ट शिशाची. ती मात्र मनात ठेवा. पीव्हीसी साच्यातून काढताना तापवावं लागतं आणि तापलं की ते बिघडतं. ते बिघडू नये म्हणून त्यात स्टॅबिलायझर घालतात. आपल्याकडे वर्षानुवर्षं स्वस्त पडतात म्हणून शिशाचे क्षार वापरले गेले. केंद्र सरकारने त्याबद्दल नियम केले ते २०२१ साली. तुमचे पाइप त्याआधीचे, तेव्हा त्यांत शिसं असण्याची शक्यता मोठी आहे. दिलासा असा, की शिसं सर्वांत जास्त उतरतं ते पाइप नवा असताना. पुढे आतला पृष्ठभाग धुतला जातो आणि प्रमाण घटत जातं. पाणी पाइपात तासन् तास उभं राहिलं, तापलं किंवा आम्लधर्मी असलं, की ते पुन्हा वाढतं. पोटातल्या बाळासाठी आणि लहान मुलांसाठी शिशाची सुरक्षित म्हणावी अशी कुठलीच पातळी नाही. म्हणून याची तपासणी करायचीच.

तिसरी गोष्ट वासाची. शिशाला वास नसतो, चवही नसते. म्हणजे ज्याच्यामुळे तुम्ही हैराण आहात तो वास शिशाचा नाही, आणि वास गेला म्हणजे शिसं गेलं असंही नाही. तुमच्याकडचा वास बहुतेक उन्हात तापलेली टाकी, नळाखालची लवचीक नळी, रबरी वॉशर किंवा टाकीतलं शेवाळ यांपैकी कशाचा तरी असणार. कशाचा, हे शोधायला प्लंबर लागत नाही. सकाळी कुणी नळ उघडायच्या आत चार काचेचे ग्लास घ्या. एकात हौदातलं पाणी, दुसऱ्यात थेट टाकीतलं, तिसऱ्यात स्वयंपाकघरातल्या नळाची पहिली धार, चौथ्यात त्याच नळाचं एक बादली भरल्यानंतरचं पाणी घ्या. ग्लास झाकून दहा मिनिटं ठेवा, मग एकेक उघडून हुंगा. वास फक्त तिसऱ्यात असेल तर दोष शेवटच्या पाइपाचा किंवा नळीचा. दुसऱ्यापासून पुढे सगळीकडे असेल तर टाकीचा. हौदापासूनच असेल तर पाइपांवर एक रुपयाही घालू नका, हौद उपसा.

त्याच सकाळी गच्चीवर जा आणि टाकीपासून उतरणाऱ्या पाइपावरून बोट फिरवा. बोटाला खडूसारखी पांढरी भुकटी लागली तर समजा, उन्हाने पाइपाची कातडी जळाली. मग ओल्या फडक्याने पुसून पाइपावरची छापील ओळ वाचता येते का बघा. पिण्याच्या पाण्याच्या पीव्हीसी पाइपावर आयएसआयची खूण आणि आयएस ४९८५ हा आकडा असतो. सीपीव्हीसीवर आयएस १५७७८ असतो. एचडीपीईवर आयएस ४९८४ असतो आणि काळ्या पाइपावर निळ्या रेघा असतात. आयएस १३५९२ दिसला तर तो सांडपाण्याचा आणि पागोळ्यांचा पाइप आहे. पिण्याच्या पाण्याला तो लावलेला असेल तर आजच काढायला सांगा. स्वस्तात पडला म्हणून तो लावलेला मी पाहिला आहे. कुठलीच ओळ नसेल आणि ती उन्हाने गेलेलीही नसेल, तर तो भंगार प्लास्टिक वितळवून केलेला लोकल माल असू शकतो. तोही पिण्याच्या पाण्याला नको.

तुमच्या घरात बदलायलाच हवा तो बहुधा हाच उन्हातला टप्पा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. काळ्या टाकीतलं आणि उघड्या पाइपातलं पाणी दुपारी हात भाजेल इतकं तापतं. तापलेल्या पाण्यातलं क्लोरिन उडून जातं, जंतूंना रान मोकळं मिळतं, प्लास्टिकमधले पदार्थ जास्त उतरतात आणि वासही वाढतो. इतक्या सगळ्या दुखण्यांचं मूळ एकच आहे, आणि त्याला भिंत फोडायची गरज नाही. टाकीवर पत्र्याचं किंवा हिरव्या जाळीचं छप्पर करा. शेतात कपाशीच्या पऱ्हाट्या असतील तर त्यांचा मांडवही चालेल. बाहेरून उतरणारा पाइप नवा घाला आणि त्याला पाण्यात मिसळणारा पांढरा रंग द्या. ऑइल पेंट नको, त्यातला थिनर प्लास्टिकला खातो. टाकीचं झाकण घट्ट बसतं का आणि ओव्हरफ्लोच्या तोंडाला जाळी आहे का, तेही बघून घ्या.

टाकी धुताना नुसती खराट्याने घासून थांबू नका. घासून, गाळ काढून टाका आणि मग २५० लिटर पाण्यात ३३ टक्क्यांची ताजी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर सुमारे ४० ग्रॅम घाला. पावडर आधी बादलीत कालवून निवळू द्या आणि वरचं निवळ पाणीच टाकीत ओता. त्याच पाण्याने आतल्या भिंती दोन-तीनदा पुसा, घरातले सगळे नळ वास येईपर्यंत क्षणभर उघडून बंद करा आणि रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी ते पाणी गटारीत सोडा. झाडांना नको, जनावरांना तर नकोच.

सासूबाईंचं म्हणणं खोडून काढायच्या भरीला पडू नका, पण लोखंडी पाइप परत आणण्याचा विचारही करू नका. जीआय पाइपावरच्या जस्ताच्या लेपातही थोडं शिसं असतं. जुन्या सांध्यांवर ताग आणि सफेदा लावायचे, कधी शेंदूर लावायचे, आणि शेंदूर म्हणजे शिशाचंच ऑक्साइड. आतून गंज धरून अर्ध्या इंचाचा पाइप पेन्सिलीएवढा उरतो आणि त्या गंजाच्या खडबडीत कपारीत जंतू घर करतात. त्यांच्या पिढीला काही झालं नाही असं वाटतं, कारण तेव्हा कुणी मोजलं नव्हतं. तांब्याच्या हंड्याचा त्यांचा आग्रह मात्र चांगला आहे. घासूनपुसून स्वच्छ ठेवलेल्या तांब्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यातले बरेच जंतू मरतात. पण तांबं शिसं काढत नाही आणि उकळणंही काढत नाही. उकळल्याने पाणी आटतं, शिसं तेवढंच राहतं. त्यांना हंडा भरायचं काम द्या, फक्त तो कुठल्या पाण्याने भरायचा हे तुम्ही ठरवा.

ते पाणी कुठलं, तेही सांगते. अर्ध्या इंचाच्या पाइपात दर मीटरला साधारण पावणेदोनशे मिलिलिटर पाणी मावतं. टाकीपासून नळापर्यंत १५ मीटर पाइप धरला तरी रात्रभर उभं राहिलेलं पाणी पावणेतीन लिटरच्या आसपास भरतं. म्हणजे सकाळी एक छोटी बादली भरून बाजूला ठेवली, की पुढचं पाणी टाकीतलं ताजं येतं. ती बादली भांड्यांना, फरशीला, तुळशीला वापरा. तीन दिवसांआड पाणी येणाऱ्या घरात मी "नळ सोडून ठेवा" असं कधीच सांगणार नाही, पण ही बादली वाया जात नाही. पाइपातून आणि पितळी तोटीतून उतरणारं शिसं कमी करण्याचा याहून स्वस्त उपाय नाही. हो, पितळी तोटीतूनही. स्वस्त पितळेत शिसं असतं, त्यामुळे सगळा दोष प्लास्टिकवर टाकता येत नाही.

दिरांना काय सांगायचं? सीपीव्हीसी चांगला पाइप आहे. गिझरच्या किंवा सोलरच्या गरम पाण्याला तोच लागतो, तिथे साधा पीव्हीसी चालत नाही. त्यांचा सल्ला चुकीचा नाही, वेळ चुकीची आहे. सांधे जोडायच्या सोल्यूशनमध्ये उग्र द्रावकं असतात आणि नव्या लाइनच्या पाण्याला काही आठवडे त्यांचा वास येऊ शकतो. कुठलाही नवा पाइप सुरुवातीलाच जास्त सोडतो. आठव्या महिन्यातल्या लेकीला धुळीच्या घरात आणि ताज्या सोल्यूशनच्या पाण्यात आणायचं कशाला? गटारीवरचा तुकडा आणि उन्हातला टप्पा, ही दोन कामं दिरांकडूनच करून घ्या. शिशाशिवाय बनवल्याचं छापलेला, आयएसआय खुणेचा पाइप मागा आणि बिल घ्या. सोल्यूशन बेताने लावायला सांगा, आत ओघळ राहायला नकोत. काम आखाजीच्या निदान महिनाभर आधी उरका आणि त्या लाइनचं पाणी सुरुवातीचे काही दिवस फक्त धुण्याला वापरा. भिंतीतले पाइप बाळंतपणानंतर, अहवाल बघून ठरवा. दिरांचा मानही राहील आणि तुमच्यावर कर्जही कमी चढेल.

आरओचा निर्णयही अहवालावर सोडा. आरओ शिसं काढतो, हे खरं. पण एक लिटर पाणी देताना तो बहुतेक वेळा त्याहून जास्त पाणी बाहेर टाकतो, आणि तुमच्याकडे पाणी मोजून येतं. नळाच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असेल आणि शिसं नसेल, तर जंतूंसाठी यूव्हीचा (अतिनील किरणांचा) फिल्टर किंवा उकळणं पुरेसं आहे. बोअरचं खारट पाणी पिणाऱ्या घरांची गोष्ट वेगळी. त्यांना आरओ लागतोच, तिथे मी नाही म्हणत नाही.

तपासणीसाठी जिल्ह्याच्या पाणी गुणवत्ता प्रयोगशाळेत जा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या या प्रयोगशाळा आहेत आणि तिथे सामान्य माणसालाही माफक शुल्कात पाणी तपासून मिळतं. नुसतं "पाणी तपासा" म्हणू नका. शिसं आणि ई. कोलाय (पाण्यात मैला मिसळल्याची खूण असलेला जंतू), दोन्हींची तपासणी हवी असं स्पष्ट सांगा, कारण नेहमीच्या तपासणीत शिसं असेलच असं नाही. शिशासाठी दोन नमुने न्या: रात्रभर नळ बंद ठेवून सकाळची पहिली धार आणि बादलीनंतरची धार. जंतूंच्या नमुन्याला निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच आणावी लागते. तोटी पुसून, पाणी जरा वाहू देऊन ती भरायची आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवायची. गावात राहणाऱ्या वाचकांनी आधी ग्रामपंचायतीत विचारावं. जलजीवन मिशनमधून गावोगाव तपासणी किट दिलेले आहेत आणि पाच-पाच बायकांना ते वापरायचं शिकवलेलंही आहे. टीसीएल पुरेशी पडते का, हे गावच्या जलसुरक्षकाच्या ओटी टेस्टने (पाण्यात थेंब टाकून क्लोरिन बघायची चाचणी) तिथल्या तिथे कळतं. पाणी पिवळं झालं नाही तर क्लोरिन उरलेलं नाही.

शेतात राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगते, कारण तशी पत्रं केळीच्या पट्ट्यातून नेहमी येतात. ज्या लाइनला व्हेंचुरी लावून ठिबकमधून खत सोडता, तिच्यावरच पिण्याचा नळ काढू नका. मोटर बंद पडली की पाणी उलटं येतं आणि खत पिण्याच्या फाट्यात शिरतं. पिण्याचा फाटा व्हेंचुरीच्या अलीकडे काढा आणि मधे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा. फवारणीची औषधं, डिझेल आणि पेट्रोल एचडीपीई पाइपाच्या जवळच्या मातीत सांडू देऊ नका. पेट्रोलसारखी द्रव्यं त्या पाइपाच्या भिंतीतून आत झिरपतात, पाइपाला भोक नसलं तरी.

ताई, बाळाचं बोलायचं राहिलं. बाळ झाल्यावर पहिले सहा महिने त्याला फक्त आईचं दूध, वरचं पाणी एक चमचाही नाही. उन्हाळा आहे, घसा कोरडा पडेल, म्हणून घरातलं कुणीतरी वाटी-चमचा घेऊन येईल. सासूबाईंना हे आत्ताच, लेक यायच्या आधी, आशाताईंच्या तोंडून ऐकवा. आईच्या दुधात बाळाला लागतं तेवढं पाणी असतं. म्हणजे बाळाच्या पोटात नळाचं पाणी थेट जाणारच नाही. जपायचं आहे ते लेकीच्या पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी. तिच्यासाठी बादलीनंतरचं पाणी घ्या, गाळा, खळखळ उकळी आल्यावर मिनिटभर राहू द्या आणि झाकून गार करा. उकळणं जमणार नाही त्या दिवशी आशाताईंकडून मेडिक्लोर (पाण्यात घालायचं क्लोरिनचं द्रावण) आणा, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणातच घाला आणि अर्धा तास थांबा. पाणी ओगराळ्याने काढा, माठात हात बुडवू देऊ नका.

बचत गटाचे सगळे ४०,००० आत्ता उचलू नका. गटारीवरचा तुकडा, गच्चीवरचा टप्पा, टाकीचं छप्पर आणि तपासणी, एवढ्यापुरतेच घ्या. अहवालात पहिल्या धारेतलं शिसं लिटरला ०.०१ मिलिग्रॅमच्या वर आणि बादलीनंतरचं त्याच्या आत आलं, तर स्वयंपाकघराची तोटी आणि शेवटचा पाइप बदला. भिंत राहू द्या. दोन्ही नमुने वर आले तर लेकीच्या मुक्कामापुरता आरओ बसवा आणि बाळंतपण उरकल्यावर सगळे पाइप बदला, तेव्हा मी तुम्हाला अडवणार नाही. ई. कोलाय निघालं तर शिशाचा आकडा काहीही असो, पुन्हा रस्त्यातल्या पाइपापासून आणि हौदापासून सुरुवात करा. अहवाल हातात आला की दोन्ही आकडे मला कळवा.